तांबड्या-पांढऱ्याच्या पंगतीसाठी भाड्याचा पितळी संच

कोल्हापुरात घरगुती मेजवानीसाठी भाड्यानं मिळणारा सहा जणांचा संच: १२ इंची ताटं, प्रत्येकी तीन वाट्या, तांब्या-फुलपात्री, टेबलाच्या मधोमध अंथरायचा १४ इंच रुंद इरकली कापडी पट्टा, दोन समया.

ताटं दणकट, काठ गुळगुळीत, टेबलाला लगेच भारदस्तपणा येतो. वाट्या मात्र उजेडात धरून एकेक तपासाच. आतली कलई एकसारखी चंदेरी हवी. आमच्या संचात दोन वाट्यांच्या तळाला पिवळं पितळ उघडं पडलं होतं. अशा वाटीत दही-कांदा किंवा सोलकढी कळकते, हिरवट होते, ती खाऊ नये. तिथल्या तिथं बदलून मागा. रस्सा वाटीतच गॅसवर तापवू नका. कलईचं कथील २३२ अंशांना वितळतं.

दुसरी अडचण मापाची. समोरासमोरची दोन ताटं २४ इंच आणि पट्टा १४, म्हणजे ३८. तीन फुटी टेबलावर पट्ट्याची कड ताटाखाली जाते आणि तांबड्याचा पहिला ओघळ तिथंच मुरतो. पट्टा दुमडून १० इंचांचा करा, काठ वर दिसू द्या. हळदीचा डाग साबणानं लाल झाला तरी घाबरू नका, धुऊन उन्हात घातला की फिका पडतो.

समया टेबलावर नकोतच, वाढताना हात पोळतो. बाजूच्या कपाटावर शोभतात. निशिगंधही टाळा, त्याच्या वासापुढे मसाल्याचा वास दबतो. मधोमध देठ काढलेला झेंडू पुरे.

कलई नीट असेल तर भाडं वसूल.