पाहुण्यांची सोय की गावाची उपजीविका: घारापुरी आणि माथेरान

मुंबईकराला एका दिवसात जाऊन परतता येईल अशा या दोन ठिकाणी 'स्मार्ट पर्यटन' या शब्दाचे दोन वेगळे अर्थ दिसतात.

घारापुरीच्या लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मात्र बेटावरच्या राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तीन वस्त्यांत समुद्राखालून केबल टाकून वीज पोहोचायला २०१८ साल उजाडले. आज लेण्यांचे तिकीट मोबाइलवर काढता येते. ही सोय चांगलीच आहे. पण ती प्रामुख्याने पाहुण्यांची आहे. पायऱ्यांच्या कडेला काकडी आणि कैरीच्या फोडींना तिखट-मीठ लावून विकणाऱ्या बाईच्या मिळकतीत या सोयीने काही भर पडत नाही.

माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे वर्षानुवर्षे माणसेच माणसांना हातरिक्षातून ओढत आली: लाल मातीच्या चढावर एक जण पुढून ओढणारा आणि दोघे मागून रेटणारे. तिथे ई-रिक्षा आल्या, तेव्हा त्या कोणाच्या हाती जाव्यात हाच खरा वाद होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश देताना, ई-रिक्षा खऱ्या हातरिक्षाचालकांनाच मिळाव्यात यावर भर दिला. धूर नाही, छातीफोड मेहनत नाही आणि रोजगारही गावातच राहतो, म्हणून माझ्या मते माथेरानची वाट अधिक टिकाऊ आहे. अर्थात, घोडेवाल्यांच्या उत्पन्नाचा प्रश्न तिथेही उरतोच.