चिंगी-बंड्याचा दवाखाना: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

आधी तक्रारी सांगते, म्हणजे पुढचं कौतुक जाहिरात वाटणार नाही. ठाण्यात मानपाड्याच्या आतल्या गल्लीत दोन गाळ्यांचा प्राण्यांचा दवाखाना आहे. गाडी लावायला जागा नाही. वेळ घेऊन गेलं तरी अर्धा तास बसावं लागतं. बाक एकच, त्याच्या एका टोकाला कोणाचा तरी लॅब्रॅडॉर आणि दुसऱ्या टोकाला पिंजऱ्यातून फिस्कारणारा आमचा बोका. एक्स-रे मशीन नाही. सोनोग्राफीवाले डॉक्टर ठरलेल्या दिवशीच येतात. रविवारी बंद. आणि डॉक्टर बोलायला तुटक. ‘अगं बाई, किती गोड!’ ऐकायची सवय असेल तर हिरमोड होईल.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथे आधीच बसायला जागा नाही आणि तुम्ही कळव्याला किंवा कासारवडवलीला राहत असाल तर घोडबंदर रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये त्या नावाचा काही उपयोग नाही. काय बघून हा दवाखाना धरला आणि अजून का सोडला नाही, ते सांगते.

घरात दोन जीव. चिंगी ही गावठी कुत्री, वय नऊच्या आसपास. बंड्या हा बोका, वय माहीत नाही, माज भरपूर. वाघबीळला राहायला आल्यावर आम्ही सुरुवातीला एका चकचकीत ठिकाणी जायचो. काचेचा दर्शनी भाग, ग्रूमिंग, दुकान, सगळं एका छताखाली. एकदा जुलाब झाले म्हणून चिंगीला तिथे सलाईनसाठी रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी आणायला गेलो तेव्हा वॉचमन सहज म्हणाला, ‘रात्रभर भुंकत होती, मीच दोनदा जाऊन बघून आलो.’ म्हणजे रात्री तिथे डॉक्टर तर नव्हतेच, कंपाउंडरही नव्हता. काय काय दिलं त्याचा कागद मागितला तर ‘सगळं सिस्टीममध्ये आहे’ असं उत्तर आलं. आता सिस्टीम काय मी पर्समध्ये घालून फिरू?

तेव्हापासून माझी परीक्षा एकच: इथून बाहेर पडताना माझ्या हातात काय असतं? कारण आजारपण दवाखान्याची वेळ बघून येत नाही. रात्री दोन वाजता दुसऱ्या डॉक्टरसमोर उभं राहिलात की पहिल्याने काय दिलं, किती दिलं, कधी दिलं, हे त्याला कळायलाच हवं. जनावर तर काही सांगू शकत नाही.

या दवाखान्यात पहिल्याच दिवशी तिथल्या मदतनीस दादांनी चिंगीला काट्यावर उभं केलं आणि वजन केसपेपरवर लिहिलं. तेव्हापासून दर खेपेला लिहितात, नुसती नखं कापायला गेलं तरी. लस दिली की बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर कार्डावर चिकटवतात. शेजारी तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक. लस आमच्या डोळ्यांदेखत फ्रिजमधून निघते. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात, त्यामुळे जिथे लस टेबलावर आधीच काढून ठेवलेली दिसते तिथे मी ती टोचून घेणार नाही. भिंतीवर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं आहे. बीव्हीएससी अँड एएच ही पशुवैद्यकाची पदवी आणि परिषदेची नोंदणी, एवढं तरी बघावंच. दुकानातला पोरगा हौसेने इंजेक्शन टोचतो अशाही जागा आहेत आपल्याकडे.

खरी परीक्षा पावसाळा संपताना झाली. येऊरच्या पायथ्याशी गवतातून फिरून आलं की चिंगीच्या कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडतातच. एके दिवशी तिने जेवण सोडलं आणि कोपऱ्यात बसून राहिली. डॉक्टरांनी आधी ओठ वर करून हिरड्या बघितल्या. फिकट होत्या आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. मग पोटाची कातडी बघितली, तिथेही ठिपके. ‘गोचीडताप दिसतोय, पण कुठला ते रक्त सांगेल,’ एवढंच बोलले.

हे ‘कुठला’ मला तोवर माहीत नव्हतं. गोचिडीमुळे एर्लिकिया होतो तसा बबेशियाही होतो, हे दोन वेगवेगळे रक्ताचे आजार, आणि दोघांचं औषध वेगळं. बबेशियासाठी जे डिमिनाझिनचं इंजेक्शन वापरतात ते वजनाच्या हिशेबाने जास्त गेलं तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो. दर खेपेला वजन का, हे तेव्हा कळलं. आमच्या ओळखीत कित्येकांच्या कुत्र्यांना ‘टिक फीव्हरचं इंजेक्शन’ म्हणून न तपासता काहीतरी टोचलं गेलंय. इथे रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली बघितली, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी केली, एर्लिकियाची किट टेस्ट केली. प्लेटलेट ५२ हजार. कुत्र्यात साधारण २ ते ५ लाख असायला हव्यात. किट पॉझिटिव्ह आली, काचेवर बबेशिया दिसला नाही.

डॉक्सीसायक्लिन २८ दिवस. कागदावर लिहून दिलं: जेवणासोबत द्या, दुधातून नको, गोळी कोरडी गिळवू नका, वरून पाणी पाजा. दुधातल्या कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही आणि अन्ननलिकेत गोळी अडकली तर जखम होते, असं विचारल्यावर सांगितलं. न विचारता फारसं काही सांगत नाहीत, हा स्वभाव. आठवड्याने पुन्हा सीबीसी, प्लेटलेट वर सरकल्या होत्या. चिंगी तोवर चपाती पळवायला लागली होती, म्हणून मी म्हटलं, आता गोळ्या बंद करू या का? नुसतं बघितलं माझ्याकडे. कोर्स पुरा केला.

बंड्याचं प्रकरण हिवाळ्यातलं आणि जास्त वाईट. सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, जोर करायचा, कण्हायचा. नवरा म्हणाला बद्धकोष्ठ असेल. मी डॉक्टरांना ट्रेचा फोटो पाठवला. एरवी या डॉक्टरांचं उत्तर रात्री उशिरा येतं, त्या दिवशी दोन मिनिटांत आलं: ‘ट्रेमध्ये लघवी नाही. लगेच आणा. घरातली कुठलीही गोळी देऊ नका.’ गोळीचं कारण नंतर समजलं. आपण तापाला घेतो ती पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

पिंजऱ्याचं वरचं झाकण काढून त्याला खालच्या भागातच बसू दिलं आणि तसंच पोट चाचपलं. मलाही हात लावायला सांगितला. मूत्राशय कच्च्या मोसंबीसारखं घट्ट लागत होतं. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, खडे किंवा चिकट गाळ अडकून तो बंद होतो. मग रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. दोन-तीन दिवस अंगावर काढलं तर संपलं. भूल देऊन नळी घातली, गढूळ लाल लघवी बाहेर आली, आणि मला वाटलं सुटलो.

तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘मी ठेवून घेणार नाही. आज रात्री याच्याजवळ माणूस जागं पाहिजे, माझ्याकडे रात्री कोणी नसतं.’ मघाच्या चकचकीत जागेवाल्यांना हे एक वाक्य बोलता आलं असतं तर!

पूर्वी अशा वेळी ठाणेकरांना आधी परळचं बैलघोडा हे प्राण्यांचं हॉस्पिटल आठवायचं. आता महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं चोवीस तास चालणारं प्राण्यांचं हॉस्पिटलही आहे, २०२४ मध्ये सुरू झालेलं. आम्ही तिकडे निघालो. हातात पत्र: नळी किती वाजता घातली, भुलीचं औषध कुठलं आणि किती, पोटॅशियम किती, किती लघवी निघाली. ईस्टर्न एक्सप्रेसवर बंड्या भुलीच्या गुंगीतही आमच्या नावाने खडे फोडत होता. तिथल्या डॉक्टरांनी पत्र वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि कामाला लागले. ‘आधी काय दिलंय?’ हे विचारण्यात वेळ गेला नाही. तीन रात्री राहून साहेब घरी आले. आता ओलं खाणं, लघवीच्या त्रासासाठीचं पथ्याचं अन्न आणि घरभर पाण्याची भांडी.

पैशांचं म्हणाल तर तपासणीचे ५०० घेतात, त्याच आजारासाठी आठवड्याच्या आत पुन्हा गेलं तर घेत नाहीत. रक्ततपासणी बाहेरच्या लॅबची, बिल लॅबचं. औषधं त्यांच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही, चिठ्ठी घेऊन कुठेही जा. स्वस्त म्हणणार नाही. बंड्याच्या मुंबईवारीचा खर्च तर वेगळाच, तो आकडा सासूबाईंना अजून सांगितलेला नाही.

कोणी नवीन दवाखाना शोधत असेल तर प्राणी ठणठणीत असताना एकदा जाऊन या. रात्री ठेवलं तर जागं कोण असतं, हे थेट विचारा. रिपोर्ट आणि केसपेपरची प्रत लगेच मिळते का, तेही विचारा. या दोन प्रश्नांवर समोरचा माणूस चिडला तर तिथून निघा, ग्रूमिंगला हवी तर सवलत असू दे. आणि सोबत मांजर असेल तर कमी गर्दीची वेळ विचारून ठेवा. आम्ही आता दुपारी दवाखाना उघडतानाच जातो, बाकावरच्या लॅब्रॅडॉरचा प्रश्न मिटला.

सध्या चिंगीच्या दातांचं चाललंय. मागच्या दाढांवर किटण साचलंय, तोंडाला वास येतो. साफसफाई भूल देऊनच करावी लागते आणि तिचं वय बघता आधी किडनी, लिव्हरच्या तपासण्या सांगितल्यात. ‘वासवाली (गॅसची) भूल आणि दातांचा एक्स-रे दोन्ही असेल तिथे करा, माझ्याकडे नको,’ म्हणून दोन ठिकाणं लिहून दिलीत. एक बेलापूरला, एक मुंबईत. रक्ताचा रिपोर्ट शुक्रवारी येतोय, तो चांगला आला तर बेलापूरची तारीख घेणार आहोत.