ईबर्ड की आयनॅचरलिस्ट?

शहरातील वन्यजीवांच्या नोंदी करायला मुलांना शिकवायचे, तर ईबर्ड घ्यावे की आयनॅचरलिस्ट, असे रत्नागिरीच्या एका शिक्षिकेने विचारले. निसर्गातील निरीक्षणे नोंदवण्याची ही दोन्ही ऑनलाइन व्यासपीठे विनामूल्य आहेत. फरक आहे तो श्रमांत आणि नोंदीच्या उपयोगात.

ईबर्डवर केवळ पक्षी नोंदवले जातात, पण छायाचित्राची सक्ती नसते. मांडवीच्या किनाऱ्यावर पंधरा मिनिटे उभे राहून ओळखता आलेल्या प्रत्येक पक्ष्याची, अगदी कावळ्यांची आणि घारींचीही, संख्या लिहिली की पूर्ण यादी तयार होते, आणि तीत जे नाही त्यालाही अर्थ येतो, कारण कोणता पक्षी कुठे विरळ होत चालला आहे हे अभ्यासकांना अशा याद्यांवरूनच उमगते. भारतातील पक्ष्यांच्या सद्यःस्थितीचा २०२३ चा अहवाल ईबर्डवरील नोंदींवरच उभा राहिला. अडचण एवढीच, की पक्षी आधी स्वतःला ओळखता यावे लागतात.

आयनॅचरलिस्टवर हे ओझे नसते. ओहोटीला खडकाच्या खळग्यात नखाएवढी समुद्री गोगलगाय दिसली, तर तिचे नाव ठाऊक नसले तरी स्पष्ट फोटो, तारीख आणि ठिकाण पुरते. ओळख पटवायला इतर जाणकार मदत करतात. सुट्या फोटोंवरून संख्येचा अंदाज मात्र बांधता येत नाही.

नवख्या मुलांसाठी आयनॅचरलिस्ट घ्यावे, खाते शिक्षिकेने स्वतःच्या नावावर ठेवावे. ज्यांना वर्षानुवर्षे एकाच जागी पहाटे जाऊन मोजदाद करायची आहे, त्यांनी ईबर्डच निवडावे.