कोच आपल्याच धंद्यातला की बाहेरचा?

बिझनेस कोच, म्हणजे मालकाला धंदा सुधारायला मदत करणारा माणूस. आपल्याच धंद्यात पंधरा-वीस वर्षं काढलेला कोच पहिल्या भेटीतच भाव खाऊन जातो. उधारी का थकते, माल कधी पडून राहतो, हे त्याला सांगावं लागत नाही. ताळेबंद हातात घेतला की बोट बरोबर दुखऱ्या आकड्यावर. अडचण अशी, की हळूहळू तो तुमचा धंदा स्वतःचाच असल्यासारखा चालवायला लागतो. "आम्ही असं करायचो" हे तिसऱ्यांदा ऐकू आलं की समजावं, हा कोच नाही, सल्लागार आहे. शिवाय तुमच्या स्पर्धकालाही तोच शिकवत नाही ना, हे आधी विचारून घ्या.

बाहेरचा, रीतसर शिकलेला कोच उत्तरं देत नाही, प्रश्न विचारतो. सुरुवातीला चिडचिड होते. पैसे मी मोजायचे आणि उत्तरंही मीच शोधायची? पण "हे काम तुमच्याशिवाय कोण करू शकेल?" एवढ्यावर मालक गप्प होतो, आणि तिथून गाडी पुढे सरकते. इथे प्रमाणपत्र तपासता येतं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था कोचना तीन पायऱ्यांची प्रमाणपत्रं देते: पहिल्या, एसीसीसाठी किमान १०० तासांच्या कोचिंगचा अनुभव लागतो, त्यावरच्या पीसीसीसाठी ५००, सगळ्यात वरच्या एमसीसीसाठी २,५००. अर्थात, मोजले जातात ते तास. तुमचा नफा नव्हे.

गळती कुठे आहे तेच कळत नसेल, तर मी धंद्यातला माणूस निवडेन. सगळं कळतंय पण हातून होत नाही, तर बाहेरचा. वर्षभराचे पैसे आगाऊ मात्र दोघांनाही देणार नाही.