पहिल्या पाकिटाला रंग कोणता: उन्हाचा, स्पिरिटचा, पाण्याचा की लोखंडाचा?

हाताने शिवलेला आणि घरीच रंगवलेला माझा पहिला काळा चामड्याचा पट्टा मी मेहुण्याला दिला, तो नेमका जून महिन्यात. आठ दिवसांनी त्याने फोटो पाठवला. क्रीम रंगाच्या पँटला कमरेभोवती चार बोटं रुंद निळसर काळा डाग. निम्मी चूक लोकलमधल्या घामाची आणि निम्मी माझ्या घाईची. पट्टा त्याने अजून ठेवलाय, वापरत मात्र नाही.

तेव्हापासून कुणी नवशिक्याने ‘कोणता डाय (चामड्यात मुरणारा रंग) घेऊ?’ असं विचारलं की मी उलट विचारतो, वस्तू दिवसभर कशाला घासणार आहे? पाकीट खिशाच्या अस्तराला घासतं, पट्टा शर्टाला, घड्याळाचा पट्टा घामेजल्या मनगटाला आणि वहीचं कव्हर फार तर टेबलाला. शेड शेवटी बघा. ती चुकली तर फक्त तुम्हाला दिसते, रंग सुटला तर सगळ्यांना दिसतो.

त्याआधी चामडं कोणतं आहे ते तपासा. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याची कापलेली कड बहुधा निळसर करडी दिसते आणि ते बाजारात रंगवून, वरून फिनिश करूनच येतं. त्याला घरी रंग लावायच्या भानगडीत पडू नका. रंग घरी चढवायचा तो वनस्पती टॅनिंगच्या चामड्यावर, म्हणजे बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्या अर्कात मुरवलेल्या. कोल्हापुरी चपलेचं पारंपरिक चामडं याच जातीचं. दुकानात ‘व्हेज टॅन, नॅचरल, फिनिश न केलेलं’ एवढं सांगितलं तरी काम होतं. खात्री करायची तर तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. आत मुरून गडद डाग पडला तर ते घ्या, मोत्यासारखा वरच राहिला तर ठेवून द्या.

ऊन आणि तेल

हा पर्याय कुठल्याच यादीत वर नसतो, कारण यात विकायला काही नाही. नॅचरल चामड्याला नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढतात ते) एक हलका हात द्यायचा आणि दोनतीन दिवस उन्हात ठेवून मधूनमधून उलटायचं. फिक्या बिस्किटासारखं चामडं मधाच्या रंगावर येतं, आणि पुढे वापरात गडद होत जातं. सुटायला रंगच नाही, त्यामुळे पँटची काळजी नाही. तोटे दोन. वर काही पडलेलं राहिलं तर त्याची सावली तशीच उमटते (माझ्या एका कव्हरवर चिमट्याचा ठसा कायमचा आहे). आणि पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा तेलकट चामड्याला बुरशीच आधी गाठते. घरातलं खोबरेल वापरू नका, ते थंडीत थिजतं. नव्या कोल्हापुरीला तेल पाजतात तसं भरभरून पाजायचंही नाही. पाकीट मऊ पडून लोळागोळा होतं.

पहिली वस्तू याच रीतीने करा, असं माझं स्पष्ट मत आहे. टाके कसे आलेत तेही यावर नीट दिसतं.

स्पिरिटचा आणि पाण्याचा

खरी निवड बहुतेकांची या दोघांत असते. स्पिरिटच्या (अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या) डायमध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या फीबिंग्जचं नाव सगळीकडे ऐकू येतं. १८९५ पासूनची कंपनी. त्यांचा ‘ऑइल डाय’ म्हणून ओळखला जाणारा प्रो डायही मुळात अल्कोहोलमधलाच, तेव्हा नावावर जाऊ नका. पाण्याच्या डायमध्ये टँडी या अमेरिकन कंपनीचा इको-फ्लो सहज आठवतो.

स्पिरिटचा डाय चामड्यात खोल शिरतो आणि मिनिटांत सुकतो. हेच त्याचं बळ, आणि नवशिक्याची फजितीही यातच. बोळ्याचा पहिला फटकारा सुकायच्या आत दुसरा बाजूला पडला नाही, तर जोडावर गडद रेघ उमटते, आणि एकदा उमटली की जात नाही. उपाय आहेत. डाय पातळ करून घ्या. मोठा स्पंज वापरा, काडीला बांधलेला लोकरीचा बोळा फक्त कडांसाठी ठेवा. आधी आडवा, मग उभा, मग गोल, असे तीनचार हलके हात द्या. स्पिरिट चामड्यातलं तेल ओढून घेतं, त्यामुळे रंग सुकल्यावर तेलाचा हलका हात द्यावाच लागतो, नाहीतर वाकवल्यावर चामडं कोरडं कुरकुरतं. वास उग्र, द्रव ज्वलनशील. देवघर आणि गॅस एकाच खोलीत असलेल्या घरात याचा विचार आधी करा.

पाण्याचा डाय सावकाश सुकतो, म्हणून रेघा मिटवायला वेळ मिळतो. वास नाही, बोटं साबणाने निघतात, मुलं शेजारी बसली तरी चालतं. पण तो तितका खोल जात नाही. कोपरा घासला की आतला फिका रंग डोकावतो. ओलं फडकं लागलं तर रंग उचलला जातो, म्हणून वर सीलरचा, म्हणजे रंग आत धरून ठेवणारा थर हवाच. शिवाय पाण्याने चामडं फुगतं, ताणलेलं सुकलं तर आकार बदलतो.

तपकिरी, तांबूस, मधाळ शेड हवी असेल आणि गॅलरीत बसून काम करता येत असेल, तर मी स्पिरिटचा डाय घ्यायला सांगेन. बंद खोली असेल किंवा लहान मुलं घरात असतील तर पाण्याचा. वहीचं कव्हर, चाव्यांचा लोलक, चष्म्याचं घर यांना पाण्याचा डाय पुरून उरतो. निळा आणि लाल मात्र दोन्हींत जपून. आणि काळा दोन्हींत टाळा. काळ्यात रंगद्रव्य सगळ्यात जास्त लागतं, पृष्ठभागावर सुटं राहिलेलं पुसून काढता काढता हात दुखतात, आणि शेवटी ते मेहुण्याच्या पँटवर जातं.

लोखंडाचा काळा

काळं हवंच असेल तर बाटली विकत घेऊ नका. तेल न लावलेली बारीक स्टील वूल (लोखंडी तारांचा लोकरीसारखा गुंता) साबणाने धुऊन पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका, झाकण सैल ठेवा (आत हायड्रोजन वायू सुटतो, घट्ट बंद केलं तर बाटली फुगते) आणि आठदहा दिवस विसरून जा. लोखंड बरंचसं विरघळलं की फडक्यातून गाळा. इंग्रजी जगात याला व्हिनेगरून म्हणतात. दिसायला फिकट चहा, वासाला बिघडलेलं लोणचं. चामड्यावर स्पंज फिरवलात की आधी काहीच होत नाही, मग करडं, मग डोळ्यांदेखत काळं.

हा रंग वरून लावलेला नसतो. चामड्यातलं टॅनिन (साल-हिरड्यातून आलेलं तुरट द्रव्य) आणि लोखंड मिळून तो धाग्याधाग्यात तयार होतो, म्हणून घासून सुटत जवळजवळ नाहीच. आपल्याकडे ही ओळख जुनी आहे. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई याच गुणावर होते, आणि कलमकारीतला काळाही हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लोखंड-गुळाच्या आंबवणीनेच उठतो. ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी टेकवली की निळाकाळा डाग का पडतो, तेही आता कळलं असेल.

गोम धुण्यात आहे. आम्ल तसंच राहिलं तर चामडं पुढे कुजतं. खाण्याचा सोडा पाण्यात अगदी पातळ विरघळवून एकदा पुसा, मग साध्या पाण्याने, आणि किंचित ओलसर असतानाच तेल द्या. सोडा जास्त झाला तर चामडं कडक होऊन तडकतं. काळा उठला नाही, करडाच राहिला, तर चामड्यात टॅनिन कमी आहे असं समजा. आधी कडक कोरा चहा फासून पुन्हा करा. बकल, बटणं नंतरच बसवा.

वरचा थर: मेण की ॲक्रिलिक

फिनिशचं काम दोन: रंग आत ठेवायचा आणि पाणी बाहेर. मधमाशीचं मेण आणि तेल यांचा मलम हाताला छान लागतो, ओरखडा अंगठ्याने चोळून मिटतो, पण घामापुढे तो टिकत नाही. ॲक्रिलिक (उदाहरणार्थ रेझोलीन) रंगाला खरंच कुलूप लावतं, मात्र जाड लावलं तर प्लॅस्टिकसारखं चकाकतं आणि वाकतं तिथे तडे जातात. निम्मं पाणी घालून दोन पातळ हात द्यायचे, जाड एक कधीच नाही. पाकिटाला मी मेण लावतो. डाय केलेल्या पट्ट्याला ॲक्रिलिक. घड्याळाच्या पट्ट्याला वरून काय लावायचं ते लावा, पण मनगटाला टेकणारं आतलं चामडं रंगवूच नका, नॅचरल ठेवा.

चामड्यावर बुट्टे, नक्षी रंगवायचे ॲक्रिलिक पेंट वेगळे. ते वरच बसतात, चित्रासाठी ठीक, अख्ख्या पाकिटाला नको.

कोणताही डाय घेतलात तरी फिनिशच्या आधी एक काम चुकवू नका, आणि माझ्याकडून तेच राहिलं होतं. रंग रात्रभर सुकू द्या. सकाळी पांढरा जुना रुमाल घ्या, जोर लावून घासा, रुमाल काळवंडला की दुसरा कोपरा घ्या, पुन्हा घासा. पट्ट्याला माझा आता अख्खा रुमाल जातो, कधी दोन. शेवटचा कोपरा जवळजवळ पांढरा निघाला की मगच फिनिशची बाटली उघडायची. पावसाळ्यात हे दोन दिवस लांबतं. ज्याला पट्टा उद्या द्यायचा असेल त्याला परवा द्या.

आणि रंग आधी त्याच चामड्याच्या कतरणीवर लावून बघा. ओला असताना दिसतो त्यापेक्षा सुकल्यावर फिका होतो, तेल लावल्यावर पुन्हा गडद. माझ्या डब्यात अशा चाळीसेक कतरणी आहेत, मागे बॉलपेनने डायचं नाव, पाणी किती, हात किती. त्यातल्या एकीवर फक्त ‘जून, पट्टा’ एवढंच लिहिलंय.