घरी येऊन सीए-१२५ करणारी लॅब: सुई झकास, रिपोर्ट अर्धवट

३ स्टार, त्यातले दोन रक्त घ्यायला आलेल्या पोराचे.

आईचं ओव्हरीचं ऑपरेशन आणि सहा केमो झाल्या, आता दर तीन महिन्यांनी सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ताची टेस्ट). केमोनंतर तिची शीर कुणालाच सापडत नाही, दोन-तीनदा टोचणं ठरलेलं, पण हा साडेसातला आला, गरम पाण्याची पिशवी मागितली, पाच मिनिटं हातावर ठेवली आणि एका फटक्यात काम. आई म्हणे याला चहा पाजल्याशिवाय सोडू नकोस. (या टेस्टला उपाशी राहावं लागत नाही, तरी फोनवरच्या बाईंनी बारा तास सांगितलेले, त्यामुळे बिचारी स्वतःच चहावाचून बसलेली.)

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट, ३१. जुन्या लॅबमध्ये मागच्या तिन्ही वेळेला १२-१३ होता. ३५ पर्यंत नॉर्मल म्हणून लाल खूण वगैरे काही नाही, पण आमच्या घरी त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही, कारण एकट्या आकड्याला अर्थ नसतो, चढतोय का ते बघायचं असतं. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, लॅब बदलली का, किट कुठलं? प्रत्येक कंपनीच्या किटमधल्या, सीए-१२५ पकडणाऱ्या अँटीबॉडी वेगळ्या, त्यामुळे त्याच रक्ताचे दोन लॅबमध्ये दोन आकडे येऊ शकतात. आणि यांच्या रिपोर्टवर ना मशीनचं नाव ना पद्धतीचं! फोन केला तर "मॅडम, फुल ऑटोमॅटिक आहे". अहो आमचं वॉशिंग मशीनपण आहे.

जुन्या लॅबमध्ये परत केली, १४.

वर ते लेडीज कॅन्सर पॅकेज. डिस्काउंट म्हणून वहिनीनेपण केलं, तिला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार, कॅन्सर नव्हे), त्यात पाळी चालू, आला ७२ आणि रडारड. अहो पाळी, फायब्रॉइड, गरोदरपण, पोटाचा टीबी, कशानेही वाढतो हा, आणि पहिल्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या बायकांत नॉर्मलच असतो. ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांचा अभ्यास झाला, त्यातल्या काहींची दरवर्षी हीच टेस्ट, २०२१ ला निकाल लागला की त्याने मृत्यू काही कमी झाले नाहीत. मग धडधाकट बाईला हे विकता कशाला? वहिनीची सोनोग्राफी झाली, एचई४ झाली (ओव्हरीच्या कॅन्सरसाठीचीच दुसरी रक्ताची टेस्ट, ती एंडोमेट्रिओसिसमध्ये सहसा वाढत नाही), दोन्ही ठीक, पण आठवडा गेला.

आई म्हणते टेस्ट जुन्याच लॅबला कर, रक्त काढायला मात्र तोच मुलगा बोलव. तशी काही सोय असेल तर कळवा, चौथा स्टार लगेच देते.