एसएसडी बसवूनही लॅपटॉप सुरू व्हायला दीड मिनिट: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जानेवारीत मी माझ्या २०१३ सालच्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून तिच्या जागी ४८० जीबीची साटा एसएसडी बसवून घेतली. एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क, आणि साटा ही ती लॅपटॉपला जोडण्याची पद्धत. विंडोज १० तेच राहिले, रॅमही तेवढीच, ८ जीबी. पण बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत जिथे पावणेदोन मिनिटे जात, तिथे बावीस सेकंद पुरू लागले. पाच महिने काहीही तक्रार नव्हती. जूनच्या सुरुवातीपासून मात्र पासवर्ड टाकला की लॅपटॉप जागच्या जागी अडकू लागला, आणि सुरू व्हायला लागणारा वेळ पुन्हा दीड मिनिटावर गेला.

हे अडकणे एका विशिष्ट प्रकारचे होते. माउसचा बाण हलत असे, पण क्लिक केल्यावर काहीच उघडत नसे. डिस्कचा छोटा दिवा एरवी काम चालू असताना लुकलुकतो. या वेळी तो न लुकलुकता सलग पेटून राहायचा, आणि साधारण अर्ध्या मिनिटाने पुन्हा लुकलुकू लागला की अडून राहिलेल्या सगळ्या खिडक्या एकदम उघडायच्या. कधी हे एकदा होई, कधी लागोपाठ दोनदा, आणि कधी अजिबात होत नसे.

दुरुस्तीच्या दुकानात ‘एसएसडी गेली आहे, नवी टाका’ असे सांगण्यात आले. मला ते पटले नाही, कारण घरी केलेल्या तपासणीचे आकडे वेगळेच सांगत होते. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये डिस्कचे आरोग्य ९७ टक्के दिसत होते, जोडणी सेकंदाला पूर्ण ६ गिगाबिट वेगाने झालेली होती आणि सीआरसी चुकांची (माहितीची ने-आण होताना होणाऱ्या चुकांची) संख्या शून्य होती, म्हणजे जोडणीच्या तारेवर किंवा कनेक्टरवर संशय घ्यायला आधार नव्हता. वाचनाचा वेग सेकंदाला ५०० एमबीच्या वर येत होता. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा डिस्कशी बोलण्याची एएचसीआय पद्धत निवडलेली होती, पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवणारी ट्रिम ही सोय चालू होती आणि सगळे जुन्या डिस्कवरून जसेच्या तसे उतरवलेले (क्लोन केलेले) असूनही पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या विभागाची, सुरुवात १०४८५७६ व्या बाइटपासून, म्हणजे एसएसडीला सोयीच्या, ४०९६ ने निःशेष भाग जाणाऱ्या जागी होती. निकामी झालेली डिस्क सहसा असे आकडे देत नाही.

खरा धागा सापडला तो इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवह्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. विंडोजच्या डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स नोंदवहीत १०० क्रमांकाची नोंद प्रत्येक वेळी सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागले ते लिहून ठेवते. त्यात डेस्कटॉप दिसल्यानंतर सगळे स्थिरस्थावर होण्याचा काळही धरलेला असल्याने हा आकडा आपल्या घड्याळापेक्षा मोठा येतो. मेअखेरपर्यंत तो ३०,००० च्या आसपास होता आणि जूनपासून वारंवार ९०,००० च्या पुढे जात होता. त्याच मिनिटांत सिस्टिमच्या नोंदवहीत ‘स्टोरएएचसीआय’ या, डिस्कशी संवाद साधणाऱ्या विंडोजच्या ड्रायव्हरच्या नावाने १२९ क्रमांकाची सूचना होती: डिस्ककडून उत्तर न आल्यामुळे तिला रीसेट करावे लागले.

मग एक गोष्ट लक्षात आली. लॅपटॉप चालू करून मी झाडांना पाणी घालायला गॅलरीत जात असे आणि परत येऊन पासवर्ड टाकत असे. अडकण्याचे प्रकार बहुतेक याच सकाळी होत होते. म्हणून मी मुद्दाम मोजून पाहिले. पासवर्डची स्क्रीन दिसताच तो टाकला, तर पाचही वेळा लॅपटॉप सुरळीत सुरू झाला. तीन मिनिटे थांबून टाकला, तर पाचपैकी चार वेळा अडकला. दुकानात सतत कामाला लावून तपासलेल्या डिस्कमध्ये हा दोष दिसणे शक्यच नव्हते, कारण तो डिस्क काही वेळ कामाशिवाय बसली की मगच उद्भवत होता.

याचे मूळ लिंक पॉवर मॅनेजमेंटमध्ये आहे. डिस्ककडे काम नसते तेव्हा वीज वाचवण्यासाठी साटाची जोडणी झोपवली जाते. संगणकाने पुढाकार घेतला तर त्याला एचआयपीएम म्हणतात, डिस्कने घेतला तर डीआयपीएम. हलक्या झोपेतून जोडणी १० मायक्रोसेकंदांत आणि गाढ झोपेतून १० मिलिसेकंदांत जागी होणे नियमाने अपेक्षित असते. मात्र काही डिस्क आणि काही कंट्रोलर (डिस्कची जोडणी सांभाळणारी लॅपटॉपमधली चिप) यांचे या बाबतीत जमत नाही: जोडणी वेळेवर जागी होत नाही, विंडोज उत्तराची वाट पाहत राहते आणि शेवटी रीसेट करते. मेच्या शेवटी बॅटरी लवकर उतरते म्हणून मीच पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वरून ‘बॅलन्स्ड’वर आणला होता, आणि त्याबरोबर हे झोपवणे सुरू झाले होते.

हे सेटिंग विंडोजमध्ये सहसा लपवलेले असते. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी ही आज्ञा देऊन ते दृश्य करावे लागते. त्यानंतर पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘हार्ड डिस्क’ या शीर्षकाखाली ‘एएचसीआय लिंक पॉवर मॅनेजमेंट’ दिसू लागते. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर असेल, तर हीच सोय त्याच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये पाहावी. मी चार्जर जोडलेला असताना ‘ॲक्टिव्ह’ (जोडणी कधीच न झोपवणे) आणि बॅटरीवर असताना ‘एचआयपीएम’ ठेवले. दोन्हीकडे ‘ॲक्टिव्ह’ ठेवूनही आठवडाभर पाहिले, पण त्यात माझ्या वापरात बॅटरी दहाएक मिनिटे आधी संपत होती, आणि बॅटरीवर नुसत्या एचआयपीएमने एकदाही अडथळा आला नाही.

फास्ट स्टार्टअप ही विंडोजची लवकर सुरू होण्याची सोय मी चाचणीपुरती बंद केली होती, कारण ती चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्याचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि मोजमाप फसवे होते. एसएसडीवर तिने माझे जेमतेम तीन सेकंद वाचत होते, म्हणून ती बंदच राहू दिली आहे.

डिस्क तीच आहे आणि ती बदलण्याचे मला काहीही कारण दिसत नाही. लॅपटॉप सुरू व्हायला आता तेवीस ते पंचवीस सेकंद लागतात, मग पासवर्ड लगेच टाकला काय किंवा झाडांना पाणी घालून आल्यावर टाकला काय. १२९ क्रमांकाची शेवटची नोंद १७ ऑगस्टच्या सकाळची आहे. सेटिंग त्याच दिवशी संध्याकाळी बदलले होते.